डिजिटल पियानो ‘लावायचा’ कसा? पेटी, गळा आणि ४४०चा आकडा

सोलापुरातून बोलतोय, आणि पंखा बंद करून बोलतोय, कारण माइकमध्ये त्याची घरघर येते. त्यामुळे आजचा भाग घाम पुसत पुसत.

विषय तुमच्याच प्रश्नांमधून आलाय. तीन-चार जणांनी व्हॉइस नोट पाठवून जवळपास एकच गोष्ट विचारली. "दादा, घरी डिजिटल पियानो घेतला. एकटा वाजवला की मस्त वाटतो. पेटीबरोबर वाजवला की बेसूर. दुरुस्तीला टाकू का?"

टाकू नका. बहुतेक वेळा त्यात काहीही बिघडलेलं नसतं. एक सेटिंग बदलायचं असतं, आणि ते कुठलं हे कळायला थोडं ऐकावं लागतं. आज तेच करू.

आधी एक फरक समजून घ्या. खऱ्या, तारांच्या पियानोत दोनशेच्या वर तारा असतात. प्रत्येक तार जबरदस्त ताणलेली असते. हवेतली दमट-कोरडी बदलली की आतलं लाकूड फुगतं, आकसतं, तारांचा ताण बदलतो आणि सूर सरकतो. म्हणून तो पियानो लावायला कारागीर बोलवावा लागतो. डिजिटल पियानोत तार नाही. आत चांगल्या पियानोचे आवाज साठवलेले असतात किंवा गणिताने तयार केलेले असतात, आणि ते किती वेगाने वाजवायचे हे एका क्वार्ट्झ स्फटिकाच्या ठोक्यावर ठरतं. मनगटावरच्या घड्याळात असतो तसाच. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४च्या पुढे जातो, तेव्हाही हा सूर कानाला कळेल इतका हलत नाही. दहा वर्षांनी पट्ट्या खिळखिळ्या होतील, स्पीकर फाटेल, पण सूर उतरणार नाही.

मग बेसूर का वाटतं? कारण शेजारचं वाद्य वेगळ्या ठिकाणी उभं असतं. दोघंही आपापल्या जागी सुरात असतात, फक्त एकमेकांशी जुळलेले नसतात.

आता ही ‘जागा’ म्हणजे काय ते बघू. तुमच्या मोबाइलवर ट्यूनर अ‍ॅप उघडलंत की वर कुठेतरी ४४० लिहिलेलं दिसेल. म्हणजे मधल्या सप्तकातली पांढरी सहा, इंग्रजीत जिला ‘ए’ म्हणतात, ती सेकंदाला ४४० वेळा कंप पावते. हा आकडा निसर्गाने दिलेला नाही. १८५९ साली फ्रान्सने कायदा करून ४३५ ठरवला होता. १९३९ साली लंडनला आंतरराष्ट्रीय परिषद झाली, तिथे ४४० ठरला. पुढे १९५५ साली आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने त्यावर शिक्का मारला. वेगवेगळ्या देशांतल्या वाद्यांना एकत्र वाजता यावं म्हणून केलेली ती सोय आहे. बाजारातले बहुतेक डिजिटल पियानो खोक्यातून बाहेर येतात ते ४४०वर.

पण तुमच्या आजोबांच्या पेटीला कुणी ४४० सांगितलेलं नाही. पेटीच्या आत पितळेच्या पातळ रीड असतात, पेटीवाले त्यांना ‘सूर’च म्हणतात. कारागीर त्या कानसून लावतो. टोकाकडे घासलं की सूर चढतो, मुळाकडे घासलं की उतरतो. त्याने ज्या जुन्या पेटीवरून सूर घेतला, ती जिथे होती तिथेच ही आली. त्यात धूळ, गंज, वापर. भात्याचा दाब बदलला तरी सूर किंचित हलतो. आणि पितळ तापलं की सूर जरासा उतरतो.

बासरीचं बरोबर उलटं. हवा तापली की तिच्यातून आवाज जास्त वेगाने जातो, म्हणून बासरी चढते. हिशेबाने एका अंशाला जवळपास तीन सेंट. सेंट म्हणजे काय? शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं, म्हणजे पांढरी एक आणि काळी एक यांच्यातलं अंतर शंभर भागांत वाटलं, त्यातला एक भाग. अलेक्झांडर एलिस नावाच्या इंग्रज अभ्यासकाने १८८५ साली हे माप रूढ केलं. आता कागदावर बघा. जानेवारीत सिद्धेश्वरच्या गड्ड्याच्या दिवसांत पहाटे लावलेली बासरी आणि मे महिन्यात दुपारी मांडवात वाजणारी तीच बासरी, यांच्यात वीस अंशांचा फरक असेल तर साठ सेंट होतात. अर्ध्या पट्टीपेक्षा जास्त. प्रत्यक्षात वाजवणाऱ्याच्या श्वासामुळे बासरी आतून गरम होते आणि फरक कमी पडतो, पण पडतो.

म्हणजे मांडवात बासरी वर चाललीय, पेटी खाली चाललीय, गायकाचा गळा त्या दिवशी जिथे लागेल तिथे आहे. आणि मधोमध आपला डिजिटल पियानो ४४०वर, खांबासारखा.

इथे मला एक किस्सा सांगायचाय. शहराच्या पूर्व भागात एक भजनी मंडळ आहे. तिथे मराठी अभंग होतात, तेलुगू भजनं होतात, मध्येच कुणीतरी कानडी वचन घेतं. सोलापूरच ते. पेटीवर एक अण्णा. सत्तरीच्या पुढचे, आयुष्य यंत्रमागावर गेलेलं. पेटी त्यांच्याही वडिलांच्या वेळची. एका एकादशीला मंडळातल्या एका मुलाने नवा डिजिटल पियानो आणला. पोरगा चांगला वाजवतो, हे आधी सांगतो. दोघांनी सुरुवात केली आणि दोन ओळींत सगळ्यांचे चेहरे वाकडे झाले. त्याने मोबाइल काढला, अ‍ॅप पेटीजवळ धरलं आणि म्हणाला, "अण्णा, तुमची पेटी वीस सेंट चढीय. आज पेटी राहू द्या."

अण्णा काही बोलले नाहीत. "बरं" म्हणाले आणि भात्याचा खटका लावायला लागले.

अ‍ॅपने दाखवलेला आकडा खरा होता, याबद्दल वाद नाही. पण त्या आकड्यावरून निघालेला निकाल मला पटला नाही. वीस सेंटचा फरक आहे, इतकंच अ‍ॅप सांगत होतं. कुणी हलायचं, हे अ‍ॅप सांगत नाही. पेटी हलवायची तर ती उघडायची, चाळीसेक रीड एकेक करून कानसायच्या. कारागिराचे काही दिवस जाणार. आणि घासलेलं पितळ परत येत नाही. पियानो हलवायचा तर एक मेनू उघडायचा. मी त्या मुलाला म्हटलं, "पियानो ४४५वर घे." त्याला ते सेटिंग असतं हेच माहीत नव्हतं. दोन मिनिटं लागली. मग अण्णांना म्हटलं, "अण्णा, एक सा धरा." त्यांनी धरला, पोराने धरला. अण्णांनी मान हलवली आणि थेट पुढचा अभंग सुरू केला.

आता ते दोन मिनिटांचं काम नीट सांगतो. पियानोजवळ बसूनच ऐका.

पहिलं, तीन सेटिंग वेगवेगळी ओळखा. यात सगळ्यांचा गोंधळ होतो. एक असतं ‘ट्रान्सपोज’. त्याने पूर्ण पट्टीच सरकते, शंभर-शंभर सेंटच्या उड्या मारत. तुम्ही पांढरी एकवरून वाजवता आणि आवाज काळी एकचा येतो. दुसरं असतं ‘ट्यून’, ‘ट्यूनिंग’ किंवा ‘मास्टर ट्यून’. त्याने सगळा कीबोर्ड बारीक-बारीक वर-खाली होतो. आपलं काम इथे आहे. तिसरं ‘टेम्परामेंट’ किंवा ‘स्केल ट्यूनिंग’. त्याने सा तिथेच राहतो आणि सुरांमधली आपसातली अंतरं बदलतात. त्यावर पुढे येतो.

दुसरं, सगळं शून्यावर आणा. ट्रान्सपोज शून्य, ऑक्टेव्ह शून्य, कोरस, रिव्हर्ब वगैरे बंद. "पियानो बेसूर झालाय" अशा तक्रारीत कित्येकदा एवढंच निघतं, की घरातल्या लहान पोराने ट्रान्सपोजचं बटण दाबून ठेवलंय.

तिसरं, आवाज पियानोचा ठेवू नका. पियानोचा आवाज वाजल्यावर विरत जातो, त्यात जुळणी कळत नाही. ऑर्गन किंवा पेटीचा आवाज निवडा, जो बोट ठेवलं की चालू राहतो.

चौथं, पेटीवाल्यांना एकच सूर लांब धरायला सांगा. भाता रोजच्यासारखा, जोर न लावता. अ‍ॅप ४४०वर ठेवून किती सेंट चढा किंवा उतरलेला दिसतो ते लिहून घ्या. एका सुरावर थांबू नका. जुन्या पेटीत प्रत्येक सूर सारखा सरकलेला नसतो. सा, पंचम, वरचा सा, असे चार-पाच सूर बघा. त्यांच्यात फरक निघाला तर ज्या पट्टीत गाणार आहात त्या सा आणि पंचमाला मान द्या.

पाचवं, हिशेब. काही पियानो सेंटमध्ये विचारतात, काही हर्ट्झमध्ये. ४४०च्या आसपास एक हर्ट्झ म्हणजे साधारण चार सेंट. म्हणून वीस सेंट म्हणजे पाच हर्ट्झ, म्हणून ४४५. बऱ्याच मॉडेलमध्ये हा आकडा साधारण ४१५पासून ४६६पर्यंत नेता येतो, म्हणजे दोन्हीकडे जवळपास एक पूर्ण पट्टी. एक लक्षात ठेवा, मेनूतला हर्ट्झचा आकडा पांढरी सहाचा असतो. तुम्ही काळी एक मोजली असेल तर तिचे हर्ट्झ तिथे टाकू नका, सेंटमधला फरक घ्या.

फरक पन्नासपेक्षा जास्त निघाला तर? समजा पेटी साठ सेंट चढी आहे. मग ट्रान्सपोज एक वर घ्या, म्हणजे शंभर, आणि ट्यून चाळीस सेंट खाली. शंभरातून चाळीस गेले, साठ उरले. झालं.

सहावं आणि सगळ्यात महत्त्वाचं, मोबाइल खिशात घाला आणि ऐका. दोन सूर जवळ असले पण एक नसले की त्यात लाट ऐकू येते, वाँव-वाँव-वाँव. एक सूर ४४० आणि दुसरा ४४५ असेल तर सेकंदाला पाच लाटा. ट्यून सरकवत जा, लाट संथ होत जाते. दोन-तीन सेकंदांना एक लाट उरली की थांबा. तानपुरा लावणारे पिढ्यान्‌पिढ्या हेच ऐकत आलेत. आपल्याकडून मंगळवेढा, सांगोला करत गेलं की मिरज. तिथे तंतुवाद्यं बनवणाऱ्यांच्या कार्यशाळेत दोन घटका बसा, जवारी काढताना कारागीर कसा ऐकतो ते बघा. हे ऐकणं पंधरा दिवसांच्या सरावात कुणालाही जमतं.

सातवं, सेव्ह करा. काही पियानो बंद करून चालू केला की मुकाट्याने ४४०वर परत येतात. कार्यक्रमाच्या मध्ये लाइट गेली आणि आली, की आधी हे तपासा. आपल्याकडे हे वेगळं सांगायला नको.

एक छोटी गोष्ट अजून. एवढं करूनही सगळ्यात वरच्या सप्तकात पियानो चढाच वाटला, तर तोही बिघाड नाही. खऱ्या पियानोच्या तारा जाड आणि कडक असतात, त्यामुळे त्यांच्यातले वरचे उपस्वर हिशेबापेक्षा थोडे चढे निघतात. त्यांच्याशी जुळावं म्हणून कारागीर वरचे सूर मुद्दाम थोडे चढवून आणि खालचे उतरवून लावतात. डिजिटल पियानो त्याचीही नक्कल करतो. पेटीबरोबर असताना ‘स्ट्रेच’ नावाचं सेटिंग मिळालं तर बंद करा, नाही मिळालं तर मधल्या दोन सप्तकांतच वाजवा.

आता ते तिसरं सेटिंग, टेम्परामेंट.

पियानोवर बारा पट्ट्या अगदी समान अंतरावर असतात, शंभर-शंभर सेंट. फायदा असा, की कुठल्याही पट्टीतून वाजवा, सारखंच वाटतं. तोटा असा, की सा सोडला तर एकही सूर तंतोतंत नैसर्गिक जागी नसतो. पंचम फक्त दोन सेंट उतरलेला, तो चालून जातो. पण शुद्ध गंधार जवळपास चौदा सेंट चढा असतो. तानपुऱ्याच्या खर्जाची तार नीट लागली की तिच्यातून आपोआप एक गंधार ऐकू येतो. पियानोचा गंधार त्याच्या वर बसतो. कोमल गंधार उलट, सोळाएक सेंट उतरलेला. म्हणून यमन गाणाऱ्याच्या गळ्याशी पियानो जुळूनही कुठेतरी टोचत राहतो.

हे भांडण शंभर वर्षांहून जुनं आहे आणि ते आपल्याच भागात लढलं गेलंय. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक काढलं. त्यांच्याबरोबर अर्नेस्ट क्लेमंट्स हे आयसीएस अधिकारी. गळ्यातले सूर तपासायला उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब, जे पुढे मिरजेला राहिले. देवल आणि क्लेमंट्स यांनी श्रुतींची पेटी बनवून घेतली. १९१६ साली बडोद्याला अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिथे त्या पेटीवर चर्चा झाली. गायकांच्या गळ्याशी ती जुळते, हे सगळ्यांना काही पटलं नाही. पण प्रयत्नाची दिशा बघा. गळ्याने पेटीकडे जायचं नाही, पेटीने गळ्याकडे यायचं.

नंतर काय झालं? १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीच बंद केली. आक्षेप हाच, की तिचे सूर ठरीव, समान अंतराचे, त्यात मींड येत नाही. आक्षेपात तथ्य होतं. पण शिक्षा झाली ती वाजवणाऱ्यांना. ही बंदी १९७१पर्यंत चालली. तीस वर्षं! या काळात नाटकात, कीर्तनात, पंढरीच्या वाटेवरच्या मुक्कामात पेटी वाजतच होती. फक्त रेडिओवर नव्हती. अण्णांना "पेटी राहू द्या" असं ऐकताना मला हीच बंदी आठवली.

आणि देवलांचं काम थांबलं नाही. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी बनवली. त्यात सा आणि पंचम अचल, बाकीच्या दहा सुरांना दोन-दोन जागा. खटका ओढला की सूर एका श्रुतीवरून दुसऱ्या श्रुतीवर जातो. वीस आणि दोन, बावीस.

देवलांना ज्यासाठी खास पेटी घडवून घ्यावी लागली, त्यातलं बरंच काही आज अनेक डिजिटल पियानोंच्या मेनूत पडून आहे. तिथे ‘इक्वल’ निवडलेलं असतं. त्याऐवजी ‘प्युअर मेजर’ निवडा आणि खाली ‘रूट’ किंवा ‘बेस’ विचारेल, तिथे तुमच्या सा-ची पट्टी द्या. काळी एकमध्ये गाणार असाल तर ‘सी शार्प’. हे विसरलात तर सगळं आधीपेक्षा वाईट वाजेल. ट्रान्सपोज आणि हे सेटिंग एकत्र असेल तर प्रत्येक मॉडेल वेगळं वागतं, म्हणून सा-गंधार एकत्र धरून कानाने खात्री करा. तुमच्याकडे बारा सूर सुटे हलवता येत असतील तर यमनासाठी गंधार चौदा सेंट खाली, निषाद बाराएक खाली, इथून सुरुवात करा. पुढे गायकाला विचारा. गायक गंधार कसा लावतो हे घराण्यावर असतं, रागावर असतं आणि त्या दिवसाच्या मूडवरही असतं.

आणि कॉर्ड वाजवणार असाल, सिनेमाची गाणी घेणार असाल, तर मुकाट ‘इक्वल’वर परत या. तिथे तेच बरोबर आहे.

घरी सराव करायला एक प्रयोग सुचवतो. यूट्यूबवर एखादं जुनं नाट्यगीत लावा, ७८च्या तबकडीवरून घेतलेलं. त्या काळी ध्वनिमुद्रणाची चाती नेमक्या वेगाने फिरत असतीलच असं नाही, शिवाय पुढे टेपवर घेताना फरक पडला. त्यामुळे त्याची पट्टी बहुतेक वेळा दोन पट्ट्यांच्या मध्येच सापडते. ट्रान्सपोज आणि ट्यून वापरून तुमचा पियानो त्या गाण्याला जुळवा. अ‍ॅप न बघता. दहा गाणी केलीत की मांडवात कुणाचीही पेटी दोन मिनिटांत धराल.

तर दुरुस्तीला टाकू का, याचं उत्तर हे. पियानो घेऊन कुठेही गेलात तर आधी विचारा, इथे सगळ्यात कमी कोण हलू शकतं? गायकाचा गळा असेल, जुनी पेटी असेल, बासरी असेल. त्यांचा सूर घ्या आणि आपला पियानो तिकडे न्या. तुमच्याकडे ते बटण आहे, त्यांच्याकडे नाही. आणि तुमच्या मंडळात कुणी अ‍ॅप दाखवून एखाद्या अण्णांना पेटी बंद करायला लावत असेल, तर त्याला हा भाग पाठवा.

तुमच्या पियानोच्या मेनूत हे सेटिंग सापडत नसेल तर व्हॉइस नोट पाठवा, मॉडेलचं नाव सांगा, शोधू आपण. भेटू पुढच्या भागात. मी आता पंखा लावतो.